नातवंडांचे ब्रिटिश नागरिकत्व : जन्म, नोंदणी आणि कागदपत्रे

आपल्या बुऱ्हाणपूरच्या मराठी घरांतली मुले-मुली आता इंग्लंडपर्यंत पोचली आहेत. बाळ तिकडे जन्मले म्हणजे ते आपोआप ब्रिटिश झाले, असा समज आपल्याकडे सर्रास असतो. १९८२ अखेरपर्यंत तो बहुतांशी बरोबर होता. १ जानेवारी १९८३ पासून १९८१ चा ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायदा लागू झाला आणि नियम बदलला. आता जन्माच्या वेळी आई किंवा वडील ब्रिटिश नागरिक असावेत, नाहीतर त्यांच्याकडे तेथे कायम राहण्याची परवानगी, म्हणजे आयएलआर, असावी. नोकरीच्या व्हिसावर असलेल्या जोडप्याचे बाळ तिथे जन्मूनही ब्रिटिश ठरत नाही.

तिथे जन्मलेल्या मुलाची नोंदणी

पुढे आई किंवा वडिलांना आयएलआर किंवा नागरिकत्व मिळाले, तर मुलाला नोंदणीचा हक्क मिळतो. अर्ज 'एमएन१' या फॉर्मवर, मूल अठरा वर्षांचे होण्याआधी करावा लागतो. अठरा उलटले की हा मार्ग बंद होतो.

दुसरा मार्ग मुलाच्या स्वतःच्या वास्तव्याचा. पहिली दहा वर्षे ते तिथेच वाढले असेल, तर 'फॉर्म टी' भरता येतो. यात आईवडिलांचा व्हिसा कोणता, हे पाहिले जात नाही. मात्र या दहापैकी कोणत्याही वर्षी मूल ९० दिवसांपेक्षा जास्त बाहेर नसावे. जास्त झाल्यास सूट देणे अधिकाऱ्यांच्या मर्जीवर असते. म्हणून नातवाला वर्षभर आजी-आजोबांकडे ठेवण्यापूर्वी हा हिशेब करावा.

दोन्ही मार्गांत मूल दहा वर्षांचे किंवा मोठे असेल, तर त्याचे वर्तनही तपासले जाते.

माहेरचे बाळंतपण

पहिले बाळंतपण माहेरी ही आपली रीत. पण आई किंवा वडिलांकडे फक्त आयएलआर असेल, तर तिथे जन्मलेले बाळ जन्मतःच ब्रिटिश होते आणि बुऱ्हाणपुरात जन्मलेले होत नाही. त्याला तिकडे नेण्यासाठी व्हिसा काढावा लागतो. पुढे 'एमएन१' भरता येतो, पण तो हक्काचा नसून गृहखात्याच्या विवेकाधीन असतो.

वडिलांनी किंवा आईने अर्ज करून स्वतः ब्रिटिश नागरिकत्व घेतले असेल, तर इथे जन्मलेले बाळही जन्मतः ब्रिटिश असते. त्याला नोंदणी लागत नाही, सरळ पासपोर्ट काढता येतो. मात्र हे नागरिकत्व वंशपरंपरेने आलेले असते. अशा मुलाला पुढे ब्रिटनबाहेर अपत्य झाले, तर त्या अपत्याला ते सहसा आपोआप मिळत नाही.

शुल्क

मुलाच्या नोंदणीचे शुल्क बदलत असते. अर्जाच्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर पाहूनच भरावे. ज्यांना ते परवडत नाही, त्यांना जून २०२२ पासून शुल्कमाफीचा अर्ज करता येतो.

इकडची कागदपत्रे

बुऱ्हाणपूर जिल्हा २००३ मध्ये खंडव्यापासून वेगळा झाला. त्यामुळे आईवडिलांच्या जुन्या दाखल्यांवर जिल्हा पूर्व निमाड किंवा खंडवा असतो आणि पासपोर्टवर बुऱ्हाणपूर असू शकतो. गाव एकच आहे, हे अर्जासोबत एका ओळीत लिहून द्यावे. हिंदी-मराठी दाखल्यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते. लग्नात सुनेचे नाव बदलले असल्यास विवाह नोंदणीचा दाखला जोडावा. आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना, हे आधीच तपासावे.

भारताची बाजू

तिथे जन्मलेले मूल भारतीय राहणार असेल, तर जन्मानंतर एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करावी. उशीर झाल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते.

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. मूल ब्रिटिश झाल्यावर भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय कार्ड काढावे. त्यावर भारतात येण्या-राहण्याची मुभा मिळते. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आजोबांची केळीची बाग वारसाने मात्र मिळू शकते.

कुटुंबात बाळाची चाहूल लागली की पहिल्यांदा आईवडिलांच्या व्हिसाचा प्रकार विचारावा आणि मगच बाळंतपण कुठे, हे ठरवावे. प्रकरण गुंतागुंतीचे असल्यास तेथील अधिकृत इमिग्रेशन सल्लागाराला गाठावे.