राजापूर लोकसभा मतदारसंघ व त्याच्या सरहद्दींचे फेरफार

जुन्या कागदांच्या शोधार्थ फिरणाऱ्या मंडळींस सरहद्दीचा कागद दिसला म्हणजे तो हातचा सोडवत नाहीं. गांवशिवेच्या तंट्याचा महजर असो, महालांच्या हद्दींची यादी असो, किंवा तहनाम्यांतील मुलुखाचें कलम असो, त्यांतून ग्रामनामें, वहिवाटी, वतनदारांचीं घराणीं असें कितीतरी हातीं लागतें. परंतु आपल्याच हयातींत निघालेल्या सरहद्दीच्या कागदांकडे त्याच नजरेनें पाहण्याची संवय आपणांस अद्याप लागलेली नाहीं. लोकसभेच्या मतदारसंघांची पुनर्रचना करणारे आदेश हे त्याच जातीचे कागद होत. अमुक तालुका, त्यांतील अमुक महसूल मंडळ, अमुक सजा, अशा कोरड्या कोष्टकांखेरीज त्यांत दुसरें कांहीं नसतें, आणि पुढची पुनर्रचना झाली कीं मागचा आदेश व त्याबरोबरच्या मतदारयाद्या रद्दींत जातात. दक्षिण कोंकणांतील एका वाण्याच्या दुकानीं अशाच यादीच्या पानांत सुपारी बांधून दिलेली प्रस्तुत लेखकानें पाहिली आहे. तें पान राजापूर लोकसभा मतदारसंघाचें होतें. तेव्हांपासून या मतदारसंघाच्या हद्दींचा मागोवा घ्यावा असें मनांत होतें.

राजापूर या नांवाचा लोकसभा मतदारसंघ १९५७ सालच्या निवडणुकीपासून २००४ सालच्या निवडणुकीपर्यंत नांदला व २००८ सालच्या पुनर्रचनेंत नाहींसा झाला. त्याविषयीं एक समज आढळतो तो असा, कीं हा मतदारसंघ म्हणजे जुना सुभा राजापूरच नव्या पोषाखांत उभा राहिला. समज गोड आहे, परंतु कागदास कागद लावून पाहिला असतां टिकत नाहीं.

राजापूरचें माहात्म्य जुनें आहे यांत शंका नाहीं. इंग्रजांनीं १६४९ सालीं येथें वखार घातली व १६६१ सालीं शिवाजी महाराजांनीं ती लुटली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु मतदारसंघ राजापुराहून दक्षिणेस थेट तेरेखोल नदीपर्यंत पसरला होता, आणि त्या पट्ट्यांतील बऱ्याच भागावर राजापूरच्या सुभेदाराचा हुकूम कधींच चालत नसे. कुडाळ व वाडी हा सावंतांचा मुलूख. मालवण व सिंधुदुर्ग करवीरकरांकडे. वेंगुर्ल्यास सतराव्या शतकांत डचांची वखार. पुढें तें बंदर सावंतांचें. विजयदुर्ग आंग्र्यांकडून १७५६ सालीं गेला व पेशव्यांच्या ताब्यांत आला. त्यांतही हद्दी आजच्यासारख्या रेघेनें आंखलेल्या नव्हत्या. साळशी महालाचेंच उदाहरण घ्या. त्या महालाच्या निम्म्या उत्पन्नावर कुलाबकर आंग्रे व वाडीकर सावंत यांचा भागीनें हक्क शाहू छत्रपतींनीं मान्य केला होता. गांव एकच, कुळें तींच, आणि धनी अनेक. आपण ज्यास दुअंमल म्हणतों तो हाच प्रकार. साळशी हा गांव आज देवगड तालुक्यांत मोडतो. तेथील मतदाराचें मत मात्र निम्मेंनिम्म वांटतां येत नाहीं. महसुलाची हद्द व मताची हद्द यांतील मुख्य भेद येथें दिसतो. पहिलीस सामाईकपणा चालतो, दुसरीस रेघच लागते.

ही रेघ प्रथम ओढली ती इंग्रजांनीं, आणि तीही हप्त्याहप्त्यानें. चांचेगिरीचें निमित्त करून १८१२ सालीं त्यांनीं करवीरकरांकडून मालवण व वाडीकरांकडून वेंगुर्लें घेतलें. १८१८ सालीं पेशव्यांचा मुलूख गेला. १८१९ सालीं दक्षिण कोंकणचा निराळा जिल्हा करून त्याचें ठाणें बाणकोटास ठेवलें. परंतु बाणकोट अगदीं उत्तरेच्या टोंकास पडलें म्हणून लौकरच तें रत्नागिरीस हलविलें. १८३० सालीं बाणकोट खाडीच्या उत्तरेकडील तीन तालुके काढून उत्तर कोंकणास जोडले व रत्नागिरीचा दर्जा उतरविला. १८३२ सालीं पुनः तो पूर्ण जिल्हा केला. बाणकोटच्या खाडीची ही सरहद्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें काम पुढें पडणार आहे.

सावंतवाडीचें संस्थान राहिलें, पण १८३८ पासून कारभार इंग्रजांच्या देखरेखीखालीं गेला. किनाऱ्यावरची वेंगुर्ल्याची पट्टी खालसा मुलूख, आणि तिच्या पाठीशीं लागलेला मुलूख संस्थानी, अशी स्थिति शंभरांहून अधिक वर्षें होती. १९१९ च्या कायद्यानें मध्यवर्ती विधिमंडळाच्या निवडणुका सुरू झाल्या तेव्हां रत्नागिरी जिल्हा मुंबई इलाख्याच्या दक्षिण विभागाच्या मतदारसंघांत पडला. बेळगांव, धारवाड, विजापूर व कारवार हे घाटापलीकडचे व कानडी जिल्हेही त्याच महसुली विभागांतले. मताचा हक्क मालमत्ता व कर यांवर ठरत असल्यामुळें मतदार मूठभरच. तरीही वेंगुर्ल्याच्या सधन व्यापाऱ्यास मत होतें; त्याच्याच सोयऱ्यास, तो दोन कोसांवर वाडीच्या हद्दींत राहतो एवढ्यावरून, कांहींच नव्हतें. १८१२ सालच्या तहाचें कलम शतकानंतर असें मतदारयादींत उतरलें.

१९४८ सालीं संस्थान विलीन होऊन त्याचा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यास जोडला गेला व सावंतांचा, करवीरकरांचा व पेशव्यांचा मुलूख प्रथमच एका कलेक्टराखालीं आला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीकरितां १९५१ सालीं जो आदेश निघाला त्यांत या जिल्ह्याचे रत्नागिरी उत्तर व रत्नागिरी दक्षिण असे दोन मतदारसंघ केले. उत्तरेंतून आझाद हिंद सेनेचे सेनानी जगन्नाथराव भोसले निवडून आले. ते जन्मानें सावंतवाडीकडचे, म्हणजे दक्षिणेचे. पण लोकसभेचा उमेदवार त्याच मतदारसंघांतला असावा असा नियम नसल्यामुळें अडचण पडली नाहीं. १९५२ च्या कायद्याखालील आयोगानें फेररचना केली, तेव्हां दिशांचीं नांवें जाऊन शहरांचीं आलीं, आणि १९५७ पासून दक्षिणेकडील मतदारसंघ राजापूर या नांवानें ओळखला जाऊं लागला.

नांव कां निवडलें याचा विचार केला पाहिजे. राजापूर शहर मतदारसंघाच्या उत्तरेकडील भागांत. लोकवस्तीचा भार मात्र दक्षिणेस. सावंतवाडी, मालवण अथवा वेंगुर्लें यांपैकीं कोणतेंही नांव दिलें असतें तरी चाललें असतें. आमच्या मतें यांतील प्रत्येक नांवामागें एकेका जुन्या सत्तेचा वास होता, आणि राजापूर हें त्या मानानें सर्वांस परकें म्हणून सर्वांस चालणारें. हा तर्क आहे, त्यास कागदाचा आधार नाहीं. परंतु सुभा राजापूर पुन्हां उठविण्याचा हेतु असता तर मतदारसंघाचा विस्तार उत्तरेस व पूर्वेस दिसला असता, तेरेखोलीकडे नव्हे.

या मतदारसंघाचे प्रतिनिधि कोण हें वाचकांस ठाऊक आहेच. १९५७, १९६२ व १९६७ सालीं वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै. १८ जानेवारी १९७१ रोजीं ते वारल्यावर त्याच सालापासून पांच वेळां प्रा. मधु दंडवते, १९९१ सालीं सुधीर सावंत, आणि १९९६ पासून २००४ पर्यंत चार वेळां सुरेश प्रभु. येथें प्रश्न हद्दींचा आहे, म्हणून व्यक्तींविषयीं एवढेंच पुरे.

हद्दींच्या दृष्टीनें पुढचा महत्त्वाचा दिवस १ मे १९८१. त्या दिवशीं रत्नागिरीचे दक्षिणेकडील तालुके तोडून सिंधुदुर्ग जिल्हा झाला. जिल्ह्याची हद्द बदलली तरी मतदारसंघाची बदलत नाहीं. १९७६ च्या घटनादुरुस्तीनें २००० सालानंतरच्या जनगणनेपर्यंत मतदारसंघ गोठवून ठेवले होते. त्यामुळें चमत्कार असा झाला, कीं मतदारसंघाचें नांव ज्या शहराचें तें शहर रत्नागिरी जिल्ह्यांत, आणि मतदारसंघाचें बहुतेक अंग सिंधुदुर्ग जिल्ह्यांत. सत्तावीस वर्षें शिर एका घरीं व धड दुसऱ्या घरीं असा हा संसार चालला.

२००२ च्या कायद्यान्वयें न्यायमूर्ति कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालीं नवा आयोग बसला. राज्यागणिक जागांची संख्या १९७१ च्या जनगणनेवर कायम ठेवून राज्याच्या पोटांतील हद्दी मात्र २००१ च्या जनगणनेवर आंखावयाच्या होत्या. मतदारसंघ सलग असावा, नैसर्गिक रचना, जिल्हे-तालुक्यांच्या हद्दी, दळणवळण व लोकांची सोय यांकडे लक्ष द्यावें, आणि विधानसभेचा कोणताही मतदारसंघ दोन लोकसभा मतदारसंघांत विभागूं नये, असे नियम होते. राजापूरचें मरण कोणाच्या हातून आलें याविषयीं बरीच कुजबूज ऐकूं येते, म्हणून हिशेबच मांडून पाहूं.

२००१ सालीं महाराष्ट्राची लोकसंख्या ९,६८,७८,६२७. लोकसभेच्या जागा ४८, विधानसभेच्या २८८. म्हणजे लोकसभेच्या एका जागेस सरासरी २०,१८,३०५ व विधानसभेच्या जागेस ३,३६,३८४ लोक. रत्नागिरी जिल्ह्याचे लोक १६,९६,७७७, सिंधुदुर्गाचे ८,६८,८२५, बेरीज २५,६५,६०२. भागाकार केला तर रत्नागिरीस विधानसभेच्या पांच व सिंधुदुर्गास अडीचाहून किंचित अधिक, म्हणजे तीन, अशा आठ जागा येतात. लोकसभेच्या दृष्टीनें दोन्ही जिल्हे मिळून सव्वा जागेचे धनी. सव्वा जागेंतून दोन खासदार निघत नाहींत. आठांपैकीं सहा मतदारसंघ, चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ व सावंतवाडी, यांचा रत्नागिरी-सिंधुदुर्ग हा एक लोकसभा मतदारसंघ झाला. उरलेले दापोली व गुहागर रायगडास जोडले. देवगड, मालवण व वेंगुर्लें हीं विधानसभा मतदारसंघांचीं नांवेंही त्याच वेळीं लोपलीं. १८३० सालीं जी बाणकोट खाडी इंग्रजांनीं कोंकणचे दोन भाग करणारी सरहद्द धरली, ती खाडी या आदेशानें ओलांडली.

तेव्हां दोष आंकड्यांचा, आयोगाचा नव्हे. तथापि आंकडा तरी निर्दोष आहे काय? कोंकणी माणूस कित्येक पिढ्या पोटासाठीं मुंबईस राहतो. घर, देव, जमिनीचा सातबारा गांवीं, आणि शिरगणती मुंबईंत. गणतींत जो जेथें नेहमीं राहतो तेथला तो धरला जातो. ठाणें जिल्ह्यांत पूर्वीं ठाणें व डहाणू हे लोकसभेचे मतदारसंघ होते, तेथें या पुनर्रचनेंत ठाणें, कल्याण, भिवंडी व पालघर असे चार झाले. राजापूरची जागा नाहींशी झाली असें म्हणण्यापेक्षां ती गिरणी, गोदी व कारखाने यांच्यामागून गेलेल्या आपल्याच माणसांच्या पाठोपाठ उत्तरेस गेली असें म्हणणें अधिक खरें होईल. २०११ च्या जनगणनेंत दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटून १६,१५,०६९ व ८,४९,६५१ इतकी भरली, हें येथें नमूद करून ठेवतों.

संग्राहकांस एक विनंती. १९५१ पासूनचे पुनर्रचनेचे आदेश राजपत्रांतून मिळूं शकतील. परंतु त्या त्या सालच्या गांववार छापील मतदारयाद्या मिळणें दुष्कर होत चाललें आहे. ग्रामनामांचीं रूपें, वाड्यांचीं नांवें, घरक्रम व आडनांवें यांचा असा संग्रह पेशवाईंतील झाडा-पहाणीच्या कागदांतही क्वचितच आढळेल. ज्यांच्या घरीं अशा याद्या पडून असतील त्यांनीं त्या कसरीच्या किंवा वाण्याच्या हवालीं करूं नयेत. राजापूर मतदारसंघाच्या १९५७ व १९६२ च्या याद्या विशेष हव्या आहेत.

आतां दक्षिणेकडच्या हद्दीचा एक तपशील राहिला. तेरेखोल नदी ही सिंधुदुर्ग व गोवें यांची सरहद्द असें सामान्यतः समजतात. परंतु तेरेखोलचा किल्ला व त्याखालचें लहानसें गांव नदीच्या उत्तर तीरावर, म्हणजे सिंधुदुर्गाच्या बाजूस आहे. १७४६ सालीं पोर्तुगीजांनीं तो किल्ला सावंतांकडून घेतला तो परत दिला नाहीं. १९६१ सालीं गोवें मुक्त झालें, तेव्हां तो पेडणें तालुक्याबरोबर गोव्याकडेच राहिला. राजापूर मतदारसंघाची सीमा म्हणूनच त्या ठिकाणीं नदी सोडून गांवाला वळसा घालून जात असे. आजची रत्नागिरी-सिंधुदुर्गाचीही तशीच जाते, आणि तेरेखोलचा मतदार उत्तर गोव्याच्या यादींत सांपडतो.