मक्षिकास्थाने मक्षिका

कचेऱ्यांतून फॅक्सचे यंत्र केव्हाच गेले, पण ते नाव मोठ्या घराण्याचे होते. ‘फॅक्स’ हे ‘फॅक्सिमिली’चे लाडके रूप. लॅटिनमध्ये ‘फाक’ म्हणजे कर आणि ‘सिमिले’ म्हणजे सारखे. ‘यासारखेच कर’ ही आज्ञाच नाव होऊन बसली.

आपल्याकडे ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ म्हणताना लेखनिकाची कीव केली जाते. मूळ पोथीत चिरडलेली माशी दिसली, तर या बिचाऱ्याने नकलेतही माशीच काढली! जुन्या हस्तलिखिताची फॅक्सिमिली करणाऱ्यांच्या घरात मात्र हीच विद्या. पानाला वाळवीचे भोक असेल तर प्रतिकृतीतही तेवढेच भोक, तिथेच. मेणाचा डाग असेल तर तोही.

मध्ययुगीन स्पॅनिश शिकवणारे प्राध्यापक अशा प्रतिकृती जिवापाड जमवतात. का, ते एका अक्षरावरून कळते. लॅटिन ‘आन्नो’ म्हणजे वर्ष. चर्मपत्र महाग, त्यामुळे लेखनिक दोन ‘न’ लिहिण्याऐवजी एकच लिहीत आणि वर आडवी रेघ देत, आपल्या अनुस्वारासारखी. त्या रेघेतून स्पॅनिशचे स्वतंत्र अक्षर जन्मले आणि शब्द ‘आन्यो’ झाला. छापील आवृत्तीत संपादक असे संक्षेप सोडवून देतो. वाचकाची सोय होते, पण अक्षराचे बाळपण पुसले जाते. प्रतिकृतीत ती रेघ, तिची जाडी, घाईत लांबलेले तिचे टोक, सगळे जागेवर असते.

यांतला माझा सर्वांत आवडता ग्रंथ म्हणजे कास्तिलचा राजा दहावा आल्फोन्सो याने करवून घेतलेले खेळांचे पुस्तक. बुद्धिबळ, फासे आणि सोंगट्या यांवरचे हे पुस्तक १२८३ साली सेव्हियामध्ये पुरे झाले. मूळ प्रत माद्रिदजवळच्या एल एस्कोरियालच्या ग्रंथालयात आहे. त्यात बुद्धिबळाचे १०३ डाव आणि १५० चित्रे. चित्रकाराने पट भिंतीवर टांगल्यासारखा सपाट रंगवला आहे, म्हणजे प्रत्येक घर आणि मोहरा स्पष्ट दिसावा; खेळाडू दोन्ही बाजूंना. एका चित्रात तंबूत बसून मुसलमान आणि ख्रिस्ती खेळाडू डाव मांडून आहेत.

पुस्तकाची सुरुवात हिंदुस्थानातल्या एका राजाच्या गोष्टीने होते. बुद्धी श्रेष्ठ की नशीब, हे तो तीन शहाण्यांना विचारतो. बुद्धीचा पक्ष घेणारा बुद्धिबळ आणतो, नशिबाचा फासे, आणि दोन्ही हवीत म्हणणारा सोंगट्या. आपले ‘चतुरंग’ इराणमार्गे अरबीत ‘शतरंज’ झाले आणि स्पेनमध्ये ‘आखेद्रेस’. आपण ज्याला उंट म्हणतो, त्याला स्पॅनिश माणूस आजही ‘आल्फिल’ म्हणतो. तो अरबी शब्द आणि त्याचा अर्थ हत्ती. आल्फोन्सोने असे ग्रंथ लॅटिन सोडून कास्तिलियन या लोकभाषेत लिहवले. हे पुस्तक पुरे झाल्यावर सातच वर्षांनी आपल्याकडे ज्ञानेश्वरी सांगितली गेली.

अशी प्रतिकृती करणे सोपे नाही. आधी हाताने, मग शिळाछापाने, मग छायाचित्राने हे काम होत आले. आज प्रत्येक पानाचे छायाचित्र घेतात, छापलेला नमुना मूळ पानाशेजारी धरून रंग पुन्हा पुन्हा जुळवतात, सोन्याचा वर्ख वेगळा चढवतात. चर्मपत्राच्या कडा वाकड्यातिकड्या, म्हणून पानेही तशीच कापतात. बार्सिलोनाच्या मोलेइरो या प्रकाशनसंस्थेने प्रत्येक ग्रंथाच्या ९८७ क्रमांकित प्रतीच काढण्याची रीत ठेवली आहे. किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची असते, याची मला खंत वाटते.

तरी हा खर्च सार्थकी लागतो, हे एल सिद या वीराच्या काव्याने शिकवले. ‘कान्तार दे मिओ सिद’ची जुनी प्रत जगात एकच, ७४ पानांची, चौदाव्या शतकातली. शाई फिकी पडली होती, म्हणून मेनेन्देस पिदाल यांच्यासारख्या थोर पंडितासह अभ्यासकांनी तिच्यावर रसायने लावली. अक्षर घटकाभर उठून दिसे, मग पान कायमचे काळवंडे. प्रेमापोटीच हे घडले, पण पाने गेली ती गेली. १९६० साली ती प्रत माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आली आणि १९६१ साली तिची प्रतिकृती निघाली. आता अभ्यासकाला मूळ पानाला हात लावावा लागत नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच प्रतिकृतीत नाही. सिदच्या विवार गावी १५९६ साली उलिबारी नावाच्या गृहस्थाने ते काव्य हाताने उतरवून घेतले, तेव्हाही पहिले पान हरवलेलेच होते. त्यामुळे स्पेनचे हे महाकाव्य आज दुसऱ्या पानापासून सुरू होते.