नाणे बद्द की वर्णन बद्द?

डिचोली तालुक्यातील नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराचे देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ साली पुन्हा उभारले, हे आपण सारेच जाणतो. या दैवताचे नाव त्याच्याही सुमारे पाचशे वर्षे आधी सोन्यावर उमटले होते, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. गोव्याच्या कदंबांपैकी शिवचित्त पेर्माडीच्या सुवर्णनाण्यावर एका बाजूस सिंह, तर दुसऱ्या बाजूस राजाला सप्तकोटेश्वराचा वरप्रसाद लाभल्याचा नागरी लेख आहे. माझ्या मते ती देवाच्या साक्षीने दिलेली हमीच होती.

आज जुने नाणे मोबाइलवरच्या लिलावात विकले जाते आणि हमी असते विक्रेत्याच्या दोन ओळींची. पूर्वी सराफ नाणे फरशीवर आपटून पाही. बद्द वाजले की परत करी. छायाचित्र कसे वाजवून पाहणार? तेव्हा सगळा भरवसा वर्णनावर.

मध्यंतरी आमच्या शाळेतील मुलांनी अशीच एक जाहिरात दाखवली : ‘पोर्तुगीज चांदीचा रुपया, १९५२, अतिदुर्मीळ.’ वाचकहो, पेडणे-डिचोलीच्या कित्येक घरांत आजीच्या डब्यात असे रुपये सापडतील, म्हणून हा हिशेब सविस्तर सांगतो. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर १८८१ व १८८२ चे, राजा लुईसचा मुखवटा असलेले रुपये चक्क कलकत्त्याच्या टांकसाळीत पडले. वजन व कस ब्रिटिश रुपयाइतकाच. १९३५ च्या रुपयातही चांदी भरपूर, हजारात ९१७ भाग. १९४७ च्या रुपयात ती निम्म्यावर आली, आणि १९५२ चा रुपया तर तांबे-निकेलचा! म्हणजे त्या जाहिरातीत चांदीचा कणही नव्हता. १९४७ च्या रुपयाला नुसते ‘चांदीचा’ म्हणणारा खोटे बोलत नाही, पण अर्धे सत्य सांगून पुरे पैसे घेतो. मला हा दुसराच अधिक धोकादायक वाटतो.

पेडणे महाल १७८८ पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांकडे होता. तिकडच्या जुन्या घरात तांब्याची शिवराई निघाली तर नवल नाही. पण ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपती’ ही अक्षरे महाराजांनंतरही, पेशवाईत आणि त्यापुढेही, नाण्यांवर पडत राहिली. सरसकट प्रत्येक शिवराईला ‘महाराजांच्या काळातली’ म्हणणे म्हणजे आपल्या भक्तीचाच बाजार मांडणे. रामदरबार किंवा हनुमान असलेल्या, १८१८ साल घातलेल्या ‘ईस्ट इंडिया कंपनी’च्या आण्यांविषयी तर बोलायलाच नको, कंपनीने तशी नाणी पाडलीच नाहीत. रिझर्व्ह बँकेचे नाव व बोधचिन्ह वापरून जुन्या नाण्यांच्या व्यवहारात शुल्क आणि कमिशन उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असे त्या बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगावे लागले.

आपल्याच गोव्यात याचा उलटा दाखला आहे. हडफड्यात १८४४ साली जन्मलेले डॉ. जुझे जेर्सन द कुन्हा मुंबईत वैद्यकी करीत आणि नाणी जमवीत. इंडो-पोर्तुगीज नाण्यांवरचे त्यांचे लेखन अभ्यासक आजही चाळतात. आपल्या संग्रहाची सूची त्यांनी १८८८-८९ च्या सुमारास छापून काढली. संग्रह मालकाच्या हातून जातो, पण नाण्याचे नीट लिहिलेले वर्णन मागे उरते.

आता कुणी विचारील, घरातले नाणे विकायचेच झाले तर लिहावे काय? साल, धातू, ग्रॅममध्ये वजन आणि व्यास. दोन्ही बाजूंची व कडेचीही छायाचित्रे, त्याच नाण्याची. चिंच लावून घासले असेल तर तसे सांगावे; पुष्कळ बाया देवघरातल्या तांब्याबरोबर नाणीही उजळतात आणि जाणकाराच्या लेखी त्यांची किंमत तिथेच घटते. ते कुणाच्या घरातून, कोणत्या गावातून आले हेही लिहावे. कदंबांचे नाणे गावाच्या नावाशिवाय विकले गेले की ते कुठे फिरत होते, हे पुढच्या इतिहासकाराला कोण सांगणार?

शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे खाजगी माणसाला परदेशी धाडता येत नाही. लुईस राजाचा रुपया त्यात केव्हाच आला. १९३५ चा रुपया यायला अजून काही वर्षे आहेत.