विश्लेषण : डास चावून मुलांमध्ये मलेरियाविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार होते का?

'थोडे डास चावले तर काय बिघडतं? त्यानंच प्रतिकारशक्ती वाढते,' असं अनेकदा ऐकायला मिळतं. मलेरियाच्या बाबतीत हे अर्धसत्य आहे.

नेमकं काय घडतं?
चावणाऱ्या ॲनाफिलीस मादीच्या लाळेत मलेरियाचे परजीवी असतील, तरच संसर्ग होतो. हे परजीवी आधी यकृतात वाढतात, मग तांबड्या रक्तपेशींत शिरतात. ताप येतो तो या दुसऱ्या टप्प्यात.

आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला अनेक भागांत मुलांना असा संसर्ग वारंवार होतो. जन्मानंतर साधारण सहा महिने आईकडून मिळालेली प्रतिपिंडं बाळाला काहीसं संरक्षण देतात. पुढची काही वर्षं सर्वाधिक धोक्याची. त्यातून वाचलेल्या मुलांना आधी गंभीर आजारापासून आणि बऱ्याच वर्षांनी तापापासून संरक्षण मिळतं. संसर्ग मात्र मोठेपणीही होतच राहतो.

याचा पुरावा काय?
१९६१ साली एक महत्त्वाचं संशोधन प्रसिद्ध झालं. गॅम्बियातल्या प्रौढांच्या रक्तातली प्रतिपिंडं मलेरिया झालेल्या मुलांना टोचली, तेव्हा मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्यानं घटले. वर्षानुवर्षांच्या संसर्गातून प्रौढांनी कमावलेलं संरक्षण या प्रतिपिंडांत होतं.

मग इतकी वर्षं का लागतात?
फॅल्सिपेरम हा मलेरियाचा सर्वांत घातक परजीवी बहुरूपी आहे. रक्तपेशीच्या पृष्ठभागावर तो एक प्रथिन मांडतो. त्याच्या सुमारे ६० आवृत्त्या त्याच्या जनुकांत असतात. शरीरानं एक ओळखली की तो दुसरी पुढे करतो. शिवाय ही प्रतिकारशक्ती टिकाऊ नसते. युरोपात स्थायिक झालेले आफ्रिकी लोक काही वर्षांनी गावी गेले, की त्यांना पुन्हा मलेरिया होऊ शकतो.

मुलांना डास चावू द्यावेत का?
अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये मलेरियानं जगभरात सुमारे ६ लाख ८ हजार बळी घेतले. त्यातले बहुतांश आफ्रिकेतले होते आणि आफ्रिकेतल्या दर चार बळींपैकी सुमारे तीन पाच वर्षांखालची मुलं होती. ही प्रतिकारशक्ती मिळण्याआधीच ती दगावली.

लस हा सुरक्षित मार्ग आहे. परजीवी यकृतात पोहोचण्याआधीच त्याला ओळखायला ती शिकवते. ऑक्सफर्ड विद्यापीठानं विकसित केलेल्या आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या 'आर२१' लशीची शिफारस संघटनेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये केली. लस घेतली तरी मच्छरदाणी हवीच आणि मलेरियाच्या भागात ताप आला, तर लगेच रक्ततपासणीही.