पीडितांना मदत करणाऱ्यांचे प्रशिक्षण कसे घ्यावे?

मारहाण किंवा लैंगिक अत्याचार झालेली व्यक्ती बहुतेक वेळा थेट पोलिसांकडे जात नाही. ती आधी दवाखान्यात येते, आशाताईशी बोलते किंवा सखी केंद्रात पोहोचते. तिथे समोर बसलेल्या माणसाची पहिली दोन-तीन वाक्येच ठरवतात की ती पुढे बोलेल की गप्प बसेल. ही वाक्ये व्याख्यान ऐकून येत नाहीत, तोंडात बसवावी लागतात. तुम्ही परिचारिका, आशा, समुपदेशक किंवा संस्थेतील कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण घेत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

खोलीत कोण बसले आहे?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयोगटातील विवाहित वा पूर्वी विवाहित असलेल्या २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. म्हणजे वीस जणींच्या गटात पाच-सहा जणींनी हे स्वतः सोसलेले असू शकते. शिकायला आल्या म्हणून त्या सुरक्षित घरातून आल्या असे धरून चालू नका.

म्हणून सुरुवातीलाच सांगा की स्वतःचा अनुभव सांगण्याची सक्ती नाही, कोणीही केव्हाही बाहेर जाऊ शकते आणि इथले बोलणे बाहेर जाणार नाही. शक्य असल्यास एक समुपदेशक शेजारच्या खोलीत ठेवा. जखमांची छायाचित्रे दाखवून गट हादरवण्याची काही प्रशिक्षकांना सवय असते. माझ्या मते ती टाळावी. त्याने शिकणे कमी होते आणि जुनी जखम उघडते.

काय शिकवायचे?

जागतिक आरोग्य संघटनेने प्राथमिक आधाराच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत: ऐकणे, गरज विचारणे, विश्वास दाखवणे, सुरक्षितता वाढवणे आणि पुढच्या मदतीशी जोडणे. त्या फळ्यावर लिहायला पाच मिनिटे लागतात. उरलेला वेळ सरावाला द्या.

तिघींचे गट करा: एक रुग्ण, एक परिचारिका, एक निरीक्षक. प्रसंग असा द्या: मनगटाला सूज, दंडावर जुने-नवे वळ, "बाथरूममध्ये पडले" असे सांगणारी स्त्री आणि सोबत तिची सासू. पहिला प्रश्न आपोआप पुढे येतो: सासूसमोर विचारायचे का? अजिबात नाही. "आई, ताईंना तपासायचंय, तुम्ही जरा बाहेर बसा" एवढे साधे वाक्यही सरावाशिवाय सुचत नाही.

पुढचे वाक्य बहुतेक जणी "आधी का नाही सांगितलंत?" असेच म्हणतात. निरीक्षकाने तिथे थांबवावे आणि रुग्ण झालेल्या बाईला विचारावे, "हे ऐकून काय वाटलं?" उत्तर तिच्याकडूनच येऊ द्या, तुम्ही देऊ नका. मग तोच प्रसंग पुन्हा करा. "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. यात तुमची चूक नाही. आज घरी जायला भीती वाटते का?" भूमिका बदलून प्रत्येकीला रुग्णाच्या खुर्चीत बसू द्या. त्या खुर्चीत बसल्यावर जे कळते, ते सांगून कळत नाही.

"टाळी एका हाताने वाजत नाही"

हे वाक्य प्रशिक्षणात कोणीतरी म्हणणारच. म्हणणाऱ्याला झापू नका. बाकीचे गप्प होतील आणि मत मनात तसेच राहील. उलट गटाला विचारा, "भांडण दोघांचं असेल, पण हात कोणी मोडला?" नंतर शांत राहा. दहा सेकंदांची शांतता प्रशिक्षकाला फार लांब वाटते, पण उत्तर त्यातूनच येते.

वैद्यकीय व कायदेशीर माहिती

ही थोडी पण अचूक हवी. लैंगिक अत्याचारानंतर एचआयव्ही प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके चांगले, सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी लवकरात लवकर, फार तर १२० तासांपर्यंत. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने पीडितेवर मोफत उपचार करणे कायद्याने बंधनकारक आहे आणि आधी पोलीस तक्रार आणा असे म्हणता येत नाही. वय १८ खाली असेल तर पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावेच लागते. हे मुलाशी आणि पालकाशी आधीच स्पष्ट बोला. "दोन बोटांची चाचणी" करायची नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा ठामपणे नाकारली आणि आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा घेण्यास सांगितले.

एक धोक्याची खूण मात्र ठसवून सांगा. गळा दाबल्याचे कोणी सांगितले, तर बाहेरून वळ नसला तरी लगेच डॉक्टरांकडे पाठवा. आवाज बसणे, गिळताना दुखणे, थोडा वेळ शुद्ध हरपणे हे विचारा. अशा घरात पुढे जिवावर बेतण्याची शक्यता जास्त असते.

माहितीपत्रक हातात देऊन घरी पाठवू नका. ते नवऱ्याला सापडू शकते. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक पाठ करून घ्या. मुलांसाठी १०९८ आणि तातडीसाठी ११२.

प्रशिक्षक कुठून आणायचे?

बाहेरचा तज्ज्ञ एक दिवस येतो आणि जातो. मुंबईत महापालिका व सेहत या संस्थेने २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केले, तेव्हा रुग्णालयातील कर्मचाऱ्यांमधूनच प्रशिक्षक तयार केले. वॉर्डातली अडचण वॉर्डातल्या माणसालाच माहीत असते, म्हणून मला हा मार्ग अधिक पटतो.

शेवटी गुणांची लेखी परीक्षा घेण्यापेक्षा सकाळचाच प्रसंग पुन्हा करून पाहा आणि निरीक्षकांना फरक नोंदवायला सांगा. दोन-तीन महिन्यांनी अर्ध्या दिवसाची उजळणी ठेवा. त्यात आधी प्रत्यक्ष आलेल्या अडचणी ऐका, नावे न घेता. संदर्भ सेवांच्या यादीतील प्रत्येक क्रमांक त्याच दिवशी फोन लावून तपासा. बंद क्रमांक दिलेली बाई दुसऱ्यांदा विचारायला क्वचितच येते.