आई-वडील मळ्यात, मुले शहरात : वस्तीवरचे घर ज्येष्ठांसाठी निर्धोक कसे कराल?

शिरूर, दौंड : रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळे या दोन तालुक्यांतील अनेक तरुणांना रोजगार मिळाला. तथापि पाळ्यांची नोकरी आणि मुलांच्या शाळा यांमुळे कित्येकांनी तालुक्याच्या गावी किंवा पुण्यात बिऱ्हाड केले. मळ्यातील घरी राहिले ते आई-वडील. त्यांना शहरात नेण्याचा प्रयत्न होतो आणि थोड्याच दिवसांत ‘आम्हाला गावी पोहोचवा’ असा आग्रह सुरू होतो. गोठा, शेजार, देऊळ आणि हाताला काम सोडून सदनिकेत बसणे या पिढीला जड जाते. त्यामुळे आहे त्याच घरात त्यांचे राहणे सुरक्षित करणे अधिक व्यवहार्य ठरते.

सुरुवात शौचालयापासून करावी. वस्तीवरील अनेक घरांत ते अंगणापलीकडे, गोठ्याच्या बाजूला असते. रात्री किंवा पहाटे अंधारात तेथवर जाताना पाय घसरण्याची भीती असते. उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असल्याने साध्या पडण्यानेही खुब्याचे हाड मोडते आणि चालता-फिरता माणूस अंथरुणाला खिळतो. ऊसपट्ट्यात बिबट्याचीही धास्ती आहे. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांबरोबर एका वृद्ध महिलेचाही बळी गेला. वाकलेली किंवा बसलेली व्यक्ती बिबट्याला लहान भक्ष्यासारखी भासते, हे लक्षात घेता आतून दार असलेले शौचालय बांधणे हा खर्च टाळण्याजोगा नाही. ते तूर्त शक्य नसेल, तर रात्रीपुरती कमोडची खुर्ची खाटेजवळ ठेवावी. आरंभी संकोच वाटतो, पण सवय होते.

शौचालयात व मोरीत भिंतीला पक्की आधारदांडी बसवावी. टॉवेलची दांडी त्या कामाची नाही, ती वजनाने निखळते. गुळगुळीत फरशीऐवजी खरखरीत फरशी घालावी, सरकणारे गोणपाट काढून टाकावे आणि उंबरठ्याला उठून दिसेल असा रंग द्यावा. वीज गेल्यावर आपोआप लागणारा चार्जिंगचा दिवा खाट आणि दार यांच्यामध्ये हवा. शेतीची वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत येते आणि मोटार सुरू करायला वडीलच निघतात. मोबाईलवरून चालणारा स्टार्टर बसवल्यास ही फेरी वाचते.

औषधांकडेही लक्ष हवे. रक्तदाबाच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांमुळे उठताना भोवळ येते. म्हणून जाग आल्यावर मिनिटभर खाटेच्या कडेला बसून मगच उभे राहावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन एकादशीचा कडक उपवास केल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. उपवास सोडायला लावण्यापेक्षा त्या दिवशीचे औषध व फराळ डॉक्टरांकडून आधीच ठरवून घेणे बरे. आई ऐकण्याची शक्यताही त्यातच अधिक.

तातडीच्या प्रसंगी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, परंतु वस्तीचा पत्ता सांगताना घोळ होतो. गाव, वस्तीचे नाव, जवळचा फाटा किंवा चारी आणि दोन शेजाऱ्यांचे क्रमांक ठळक अक्षरांत भिंतीवर लावावेत. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनीही आहे. ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण आहे. कार्ड आजारपणाआधीच काढून ठेवावे.

शेवटचा मुद्दा घराच्या मालकीचा. जमिनीला भाव आल्यापासून हयातीतच वाटणी आणि बक्षीसपत्र करून देण्यासाठी ज्येष्ठांवर दबाव येतो. सही झाल्यावर राहत्या घरातही त्यांना परक्यासारखे वागवले जाण्याची उदाहरणे न्यायालयांपर्यंत गेली आहेत. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणासाठी असलेल्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत ती अट मोडल्यास न्यायाधिकरण रद्द ठरवू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अशी अट असणे आवश्यक मानले. २०२५ च्या निकालात कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताने, उदारपणे लावण्याची भूमिका घेतली. वादाला जागा राहू नये म्हणून सांभाळाची आणि हयातभर राहण्याच्या हक्काची अट दस्तातच स्पष्ट लिहून घ्यावी. राहते घर तरी शेवटपर्यंत आपल्याच नावावर ठेवणे सर्वांत सुरक्षित.

याच कायद्याखाली स्वतःच्या उत्पन्नावर गुजराण होत नसलेल्या ज्येष्ठांना दरमहा १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे करावयाचा असतो. तो स्वतः किंवा प्राधिकृत केलेल्या व्यक्तीमार्फत देता येतो आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाली काढणे अपेक्षित आहे. आपले गाव कोणत्या उपविभागात येते, याची माहिती तहसील कार्यालयात मिळते.