फाळक्यापासून बॅटरीपर्यंत : जबलपूरची वाहने आणि सुटकेची वाट

जबलपुरात मोटारगाड्या बांधण्याचा उद्योग लष्करी कारखान्यांतून वाढला. १९०४ मध्ये इथे तोफगाडे बनवणारी गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली. १९५९ पासून जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने ‘शक्तिमान’ ट्रक तयार होऊ लागला. १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी सुरू झाली आणि शक्तिमानबरोबर निसानच्या आराखड्यावरची ‘जोंगा’ ही गाडीही जबलपूरची ओळख बनली. आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन १ ऑक्टोबर २०२१ रोजी सात सरकारी कंपन्या अस्तित्वात आल्या, तेव्हा हा कारखाना आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे गेला. वाहनाला अपघातात आग लागली तर आतल्या माणसाने बाहेर कसे पडायचे, या प्रश्नाला गेल्या सहा-सात दशकांत मिळालेली वेगवेगळी उत्तरे या शहराच्या आणि त्याच्या परिसराच्या इतिहासात दिसतात.

शक्तिमानचा हौदा उघडा असे. वर ताडपत्री, बाजूला बाक आणि मागे फाळका. जोंगाचे इंजिन पेट्रोलवर चाले. म्हणजे इंधन चटकन भडकणारे होते. पण गाडीवर बहुधा कापडी टप असे आणि उडी मारायला चहूबाजूंनी जागा असे. जवानांची चढउतार झटपट व्हावी म्हणून ही रचना होती. आगीतून सुटका हा तिचा आनुषंगिक लाभ होता. तिच्यात संरक्षण मात्र जवळपास शून्य होते. गोळी, सुरुंग किंवा गाडी उलटणे यांपैकी कशापासूनही बचाव नव्हता.

सुरुंगांचा धोका वाढला तेव्हा संरक्षणासाठी गाडी बंद करावी लागली. जबलपूरच्या कारखान्यात सुरुंगरोधक वाहने बनू लागली. त्यांचा तळ इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा असतो, त्यामुळे स्फोटाचा झोत दोन्ही बाजूंना फाकतो. जाड पोलाद आणि गोळी अडवणाऱ्या काचा यांमुळे खिडकी फोडून निघण्याचा पर्याय उरत नाही. म्हणून अशा वाहनांना मागच्या दाराखेरीज छतातही झडपा ठेवतात. गाडी कुशीवर पडली तरी छत मोकळे राहते आणि पाठीमागून धडक बसली तर वरून निघता येते. वाहन जितके बंद, तितका बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग आधीपासून आखून ठेवावा लागतो, हे तत्त्व लष्करी आराखड्यांत असे पक्के झाले.

नागरी वाहतुकीत हे तत्त्व रुजायला फार वेळ लागला आणि त्याची किंमत प्रवाशांनी मोजली. ४ मे २०१५ रोजी मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात एक बस पुलावरून कोरड्या नाल्यात कोसळून पेटली आणि वीसहून अधिक प्रवासी होरपळून मृत्युमुखी पडले. आपत्कालीन दाराची वाट जादा आसनासाठी बंद केलेली होती. २०२१ च्या अखेरीस पन्नाच्या न्यायालयाने चालकाला एकूण १९० वर्षांची आणि मालकाला १० वर्षांची शिक्षा सुनावली. सुटकेची वाट अडवणे हा माणसाच्या जिवाशी केलेला गुन्हा आहे, हे या निकालाने ठामपणे नोंदवले. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस दाराच्या कुशीवर उलटली. दार गाडीखाली दबले, डिझेलने पेट घेतला आणि २५ जण दगावले. वाचलेल्यांपैकी काही जण काच फोडून बाहेर आले होते.

बस बांधणीच्या भारतीय मानकात आपत्कालीन दारे, फोडता येणाऱ्या काचा आणि छतातील झडपा यांच्या तरतुदी आहेत. जानेवारी २०२२ च्या केंद्रीय अधिसूचनेने लांब पल्ल्याच्या आणि शाळेच्या बसमध्ये प्रवासी बसतात त्या भागातही आगीची सूचना देणारी आणि आग आटोक्यात ठेवणारी यंत्रणा आवश्यक ठरवली. प्रवाशांना बाहेर पडायला आणखी २ ते ३ मिनिटे मिळावीत, हा तिचा उद्देश. पुढे विजेच्या गाड्यांच्या नियमांतही मिनिटांचाच हिशेब केंद्रस्थानी आला.

विजेची वाहने जबलपूरच्या रस्त्यांवर मोठ्या संख्येने आली ती ई-रिक्षांच्या रूपाने. २०१५ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने या रिक्षांना देशभर कायदेशीर आधार दिला. बऱ्याच ई-रिक्षांत शिसे-आम्लाची बॅटरी असते, वेग ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेत असतो आणि बाजू उघड्या असतात. रिक्षा उलटण्याचा धोका मोठा, पण आत अडकून जळण्याचा त्या मानाने कमी. लिथियम-आयन बॅटरीची गोष्ट वेगळी आहे. १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली आणि पुढे तीच मोटारीच्या तळाशी जाऊन बसली.

या बॅटरीतला एखादा सेल धडकेने चेपला किंवा आतून शॉर्ट झाला की त्याचे तापमान चढते, आतला पातळ पडदा वितळतो आणि ज्वलनशील वायू बाहेर पडतात. काही रसायनांत धन ध्रुवाचा पदार्थ स्वतःच ऑक्सिजन सोडतो. एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते आणि ही साखळी चालू राहते. बॅटरीचा डबा बंद असल्याने पाणी थेट सेलपर्यंत पोहोचत नाही. आग विझवायला हजारो लिटर पाणी लागू शकते आणि विझलेली बॅटरी तासांनी, कधी दिवसांनीही पुन्हा पेटू शकते. अमेरिकेत मे २०११ मध्ये सरकारी धडक चाचणीत वापरलेली शेवरले व्होल्ट गाडी चाचणीनंतर सुमारे तीन आठवड्यांनी आवारात उभी असताना पेटली. चाचणीत बॅटरीला इजा होऊन शीतक द्रव गळला होता. अपघातानंतर बॅटरीतली वीज काढून टाकली पाहिजे, ही दक्षता त्या प्रकरणानंतर ठळकपणे पुढे आली.

विजेची गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा जास्त वेळा पेटते, असे मात्र नोंदी सांगत नाहीत. स्वीडनच्या नागरी सुरक्षा संस्थेच्या आकडेवारीत गाड्यांच्या संख्येच्या मानाने विजेच्या गाड्यांच्या आगी कमीच आढळल्या. फरक आगीच्या वारंवारतेपेक्षा तिच्या स्वरूपात आहे.

भारतात हा विषय घरोघरी पोहोचला तो २०२२ मध्ये. मार्चमध्ये पुण्यात विजेची स्कूटर पेटल्याचे चित्रण देशभर पाहिले गेले. त्याच सुमारास तमिळनाडूतील वेल्लोरमध्ये घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या आगीत बापलेकीचा अंत झाला. एप्रिलमध्ये नाशिकजवळ कंटेनरमधून निघालेल्या २० स्कूटर जळाल्या. केंद्राने तज्ज्ञ समिती नेमली आणि तिच्या शिफारशींवरून दुचाकी-तिचाकींचे एआयएस-१५६ आणि मोटारी-बसचे एआयएस-०३८ ही मानके कडक झाली. १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ती लागू झाली. मोटारींसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा गाभा असा की, एक सेल बिघडल्यापासून प्रवासी बसतात तिथे धोका पोहोचण्याआधी निदान ५ मिनिटे इशारा मिळाला पाहिजे.

ही ५ मिनिटे उपयोगी पडतात ती दार उघडले तरच. भारतातील समोरच्या धडकेची चाचणी ताशी ५६ किलोमीटर वेगाने होते; १ ऑक्टोबर २०१७ पासून नव्या आणि २०१९ पासून सर्व मोटारींना ती बंधनकारक झाली. ही चाचणी ज्या आंतरराष्ट्रीय नियमावर बेतली आहे, त्यात धडकेनंतर आसनांच्या प्रत्येक रांगेसाठी किमान एक दार अवजाराविना उघडता यावे, अशी अट आहे. इंधनाची गळती मिनिटाला ३० ग्रॅमहून अधिक चालत नाही. विजेच्या गाडीत एअरबॅगचा संकेत मिळताच संपर्क तोडणारी कळ उच्च दाबाची वीज बॅटरीपुरती कोंडून ठेवते.

पण अनेक नव्या गाड्यांची दारे तारेच्या किंवा कडीच्या ओढीने न उघडता विजेच्या खटक्याने उघडतात. हा खटका चालतो तो १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर. धडकेत ती तुटली की बटण दाबून काही होत नाही. बाहेरची मूठ पत्र्यात सपाट बसलेली असल्याने मदतीला धावणाऱ्याला पकडायला काही मिळत नाही. हाताने ओढायची पर्यायी कडी असते, पण काही गाड्यांत मागच्या आसनासाठी ती दाराच्या कप्प्यातल्या झाकणाखाली दडलेली असते. धुरात, अंधारात आणि घाबरलेल्या अवस्थेत ती सापडणे कठीण. बाजूच्या काचा दुपदरी असतील तर काच फोडण्याची हातोडीही फारशी उपयोगाची नसते. मार्च २०२५ मध्ये चीनच्या आन्हुई प्रांतात महामार्गावर एक विजेची गाडी धडकून पेटली आणि तिघी दगावल्या. दारांच्या मुठींवर तिथे मोठी चर्चा झाली. चीनने १ जानेवारी २०२७ पासून नव्या गाड्यांना आतून-बाहेरून यांत्रिक रीतीने उघडणारी दारे सक्तीची केली आहेत.

जबलपूरपुढे हा प्रश्न आता सार्वजनिक वाहतुकीच्या रूपात उभा आहे. पंतप्रधान ई-बस सेवा योजनेत मध्य प्रदेशातील सहा शहरांसाठी मंजूर झालेल्या ५५२ बसपैकी १०० जबलपूरच्या वाट्याच्या आहेत. शहरी बसचे दार हवेच्या दाबावर चालते आणि आपत्कालीन कळ फिरवून दाब सोडला की पाने हाताने सरकवता येतात. ही कळ प्रवाशांना माहीत असणे, हातोडी जागेवर असणे, आपत्कालीन दारापुढे आसन किंवा सामान नसणे आणि अग्निशमन दलाला बॅटरीची जागा व वीज तोडण्याची पद्धत ठाऊक असणे, या चार गोष्टींवर सुटका अवलंबून आहे. बॅटरीची मानके कारखान्यात पाळली जातात. या चार गोष्टी आगारात रोज तपासाव्या लागतात. पन्ना आणि सिंदखेडराजा इथे जीव गेले ते आग लागल्यामुळे, तितकेच बाहेर पडण्याची वाट बंद झाल्यामुळे. म्हणून विजेच्या वाहनाची सुरक्षितता ठरवताना आग रोखण्याच्या उपायांइतकेच वजन दाराला, झडपेला आणि हाताने ओढायच्या कडीला मिळाले पाहिजे.